दगडाला गाव सांगणारं दुकान

माझे वडील जळगावकडे विहिरींची कामं घ्यायचे. सुरुंग उडाला की काळ्या कातळातल्या पोकळ्या उघड्या पडायच्या आणि हिरवे-पांढरे स्फटिक बाकीच्या ढिगाऱ्याबरोबर बांधावर यायचे. आम्ही मुलं ते फोडून खेळायचो. त्यातले हिरवे म्हणजे अपोफिलाइट नावाचं खनिज, हे कळेपर्यंत माझी चाळिशी उलटली होती. तेव्हापासून हे दगड जमवते आहे, आणि पुण्यातल्या या एका खोलीच्या दुकानात गेली तीन वर्षं जाते आहे.

इथे प्रत्येक नगाखाली चिठ्ठी असते. खनिजाचं नाव, गाव, खाणीतला की विहिरीतला. अजिंठ्याला गेले असताना मी हौसेने एक गुलाबी ओकेनाइट घेतला होता. तो दाखवल्यावर मालक म्हणाले, "ताई, हा रंगवलाय. ओकेनाइटचे गोळे पांढरे असतात." मग खरा काढून दाखवला. दगडाच्या पोकळीत कापसाची बोंडं फुटावीत तसे मऊ गोळे. बोट मात्र लावू दिलं नाही. ते तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.

त्या दिवशी घेतला तो वाघोलीचा कॅव्हेन्साइट. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर गोकर्णाच्या फुलासारखे गडद निळे चार गोळे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, यांवरूनच त्याचं नाव पडलंय. पहिल्यांदा तो अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडला, पण जगभरचे संग्राहक मागतात तो आपल्या वाघोलीच्या दगडखाणीतला. किंमत २,४०० रुपये. मागचा एक गोळा अर्धा तुटलेला होता. ते मला दिसलंच नव्हतं. मालकांनीच भिंगातून दाखवलं आणि ३०० कमी केले.

दुकानातला दिवा पिवळा आहे, त्यामुळे रंग बघायचा तर दगड दारात न्यावा लागतो. पार्सल तर मागवूच नका. भावाला पाठवलेला अपोफिलाइट नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळला होता, त्याचं टोक सपाट तुटून निघालं. अपोफिलाइटचा पापुद्रा असा सहज सुटतो, त्याला कापूस आणि घट्ट डबा हवाच. अर्धे पैसे परत मिळाले, पण टोक गेलं ते गेलंच.

गेल्या महिन्यात आईच्या तुळशीपाशी पडलेला एक हिरवा खडा घेऊन गेले. मालकांनी गाव विचारलं, विहीर कोणाची, साल कोणतं. मग वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून दिली: अपोफिलाइट, विहीर, १९८४. खाली वडिलांचं नाव.