‘मेल्ट होतंय, धीर धरा’ म्हणणाऱ्या सेलरपासून सांभाळा

फिशटँकसाठी ऑनलाइन ‘लाइव्ह अक्वेरियम प्लांट कॉम्बो’ घेणार असाल तर आधी हे वाचा, मग पैसे भरा. मला १५ झाडं पाण्यातली म्हणून विकली, त्यातली ९ चक्क कुंडीतली निघाली, म्हणजे भरलेल्या पैशांतले ६० टक्के पाण्यात, आणि ८० लिटरच्या टँकमधल्या १२ निऑन टेट्रांपैकी ७ मेले ते वेगळंच. पैशांचं वाईट वाटतंच, पण मासे मेले त्याचा संताप जास्त आहे.

आणि मी काही डोळे मिटून घेतलं नव्हतं. रेटिंग बघितलं, रिव्ह्यू वाचले, सेलरला मेसेज करून स्पष्ट विचारलं की टँक नवीन आहे, सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार होणं) अजून पूर्ण झालेली नाही, झाडं माशांना विषारी असलेला अमोनिया ओढतील ना? तर म्हणाला, "ओढणारच, भरपूर लावा आणि मासे लगेच सोडा." यातलं अर्धं खरं आहे म्हणून तर माणूस फसतो. भराभर वाढणारी पाण्यातली झाडं माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा अमोनिया खरंच शोषून घेतात, नायट्रेटच्या (बॅक्टेरियांनी अमोनिया पचवल्यावर शेवटी उरतं ते) आधी तोच उचलतात, शेवाळाला फार काही उरत नाही, दिवसा ऑक्सिजन मिळतो, पिल्लांना लपायला जागा होते. पण हे सगळं झाड जगलं आणि वाढलं तर. पाण्यात बुडून सडणारं झाड याच्या बरोब्बर उलट करतं, स्वतःच अमोनिया सोडतं, आणि ते कुजवणारे बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. ज्या कामासाठी पैसे मोजले तेच काम बिघडवणारी वस्तू मला विकली गेली.

पार्सल उघडलं तो क्षण आठवला की अजून डोकं फिरतं. ‘ब्राझील सोर्ड’ असं लेबल लावलेली ३ झाडं होती. गडद हिरवं, चकचकीत पान, लांब देठ, हातात धरलं तर देठ कुठेही न वाकता ताठ उभा. मुळांना काळी माती चिकटलेली, त्यात नारळाच्या काथ्याचे तुकडे. अहो, ते पीस लिली होतं! लोक खोलीच्या कोपऱ्यात कुंडीत ठेवतात ते. मी ते झाड आधी शंभरदा बघितलेलं असेल, आणि तिथेच, त्या मिनिटाला, पार्सल परत बांधायला हवं होतं. पण खरी पाणवनस्पतीसुद्धा नर्सरीत बऱ्याचदा पाण्याबाहेरच वाढवतात, तेव्हा तिचीही पानं ताठ असतात, हे मला माहीत होतं, त्यामुळे ताठ पान बघून लगेच चोर म्हणायला जीभ रेटली नाही. सेलरलाही हे पक्कं माहीत असतं, त्याचा सगळा धंदाच यावर चालतो. बाकीच्यांत ४ पर्पल वॉफल (जांभळ्या सुरकुतलेल्या पानांचं कुंडीतलं झाड) आणि २ लकी बांबू. ही तिन्ही पूर्ण बुडवली की काही दिवस, कधी काही आठवडे हिरवी दिसतात, मग देठ खालून चिकट तपकिरी होतो, हात लावला की साल सुटून येते आणि कुजका वास मारतो.

पर्पल वॉफलची पानं विरघळायला लागल्यावर मी फोटो पाठवले. उत्तर आलं, "मेल्ट होतंय, नॉर्मल आहे, धीर धरा." आता मेल्ट हा प्रकार खरा आहे, क्रिप्टोकोरिन हे पाण्यातलं झाड तर त्यासाठी प्रसिद्ध आहे, जागा बदलली की जुनी पानं टाकतं आणि मुळापासून नवीन काढतं. पण त्यात मूळ पांढरं आणि घट्ट राहतं, मधून नवा कोंब दिसतो. माझ्याकडे मूळच मऊ पडलेलं. मी हे लिहिलं तर पुन्हा तेच, धीर धरा, लाइट वाढवा, खत घाला. का? कारण तक्रारीची मुदत ७ दिवसांची! ती संपेपर्यंत गोड बोलायचं, आणि संपली की मेसेज बघायचासुद्धा नाही. तोपर्यंत टेस्ट किटमधलं पाणी पिवळ्याचं हिरवं झालं होतं, अमोनिया २ पीपीएम, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. अर्धं पाणी बदललं, सडलेलं सगळं उपसून काढलं, तरी ७ गेले.

मग तक्रारी. साइटच्या कस्टमर केअरने सांगितलं जिवंत वस्तू परत घेत नाही. मी म्हटलं परत नकोच, पण जे सांगितलं ते दिलंच नाही त्याचं काय? तर म्हणे "झाड मेलं ही फसवणूक होत नाही मॅडम." झाड मेलं म्हणून मी भांडतच नव्हते, चुकीचं झाड दिलं म्हणून भांडत होते, पण प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा, प्रत्येक जण विचारणार की पाणी घातलं होतं का! पाण्यातल्या झाडाला पाणी घातलं का!! शेवटी २० टक्क्यांचं कूपन, तेही त्याच सेलरकडे वापरायचं. पेमेंट ॲपवाले म्हणाले व्यवहार यशस्वी झालाय, आमचा संबंध नाही. ग्राहक तक्रार केली तर तिथल्या माणसाने झाड पाण्यातलं नसल्याचा तज्ज्ञाचा दाखला मागितला. पीस लिलीचा दाखला कोण देतं, कुठे मिळतो, हे त्यालाही सांगता येईना. सायबर तक्रारीला गेले तर "वस्तू मिळाली ना, मग फ्रॉड कसला?" आणि तक्रार बंद. एकानेही फोटो उघडून बघितला नाही, एकानेही!

शास्त्रीय नाव दिलेलं नसेल तर घेऊच नका. सोर्ड म्हणजे एकिनोडोरस, पीस लिली म्हणजे स्पॅथिफायलम, नाव लिहून मागितलं की हे लोक गप्प होतात. ‘मॉस सीड्स’ कुठे दिसलं तर थेट रिपोर्ट करा, मॉसला बीच नसतं. ‘कार्पेट सीड्स’ (टँकच्या तळाला हिरवळ होईल म्हणून विकतात ते बी) हेही तसलंच, पटकन हिरवं होतं आणि बहुतेक वेळा नंतर सगळं सडून वर तरंगतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, मुळं जवळून दाखवा. मुदतीच्या पहिल्या दिवशीच तक्रार टाका, सेलरशी चॅट करत बसू नका. नवीन झाडं आधी वेगळ्या बादलीत ठेवा. माझ्या १५ मधली ६ खरी निघाली, ३ व्हॅलिसनेरिया, २ जावा फर्न, १ अनुबियास, पण शेवटची दोन नावं हळू वाढणारी, अमोनियाला त्यांचा फारसा उपयोग नाही, त्यासाठी हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट असलं भराभर वाढणारं काहीतरी लागतं. आणि लकी बांबू किंवा पीस लिली गळ्यात पडलीच असेल तर फेकू नका, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवा, छान जगतात, नायट्रेटही ओढतात.

त्या सेलरने आता दुकानाचं नाव बदललंय, कॉम्बो तोच, फोटोही तोच, मधोमध जांभळी सुरकुतलेली पानं आणि खाली ‘१००% अक्वाटिक’. दिसला तर रिपोर्ट करा.