साताऱ्यातील इंग्रजी साहित्याची शिकवणी: एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

बी.ए.च्या आरंभकालीन इंग्रजी साहित्याच्या पेपरसाठी मी राजवाड्याजवळच्या एका शिकवणीला सहा महिने गेले. ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतले वीरकाव्य शिकवताना सर बाकावर बोटांनी ठेका धरून प्रत्येक ओळीतले चार आघात ऐकवत, त्यामुळे हे काव्य यमकावर नव्हे तर अनुप्रासावर उभे आहे, हे पाठ न करताच समजले. ३१८२ ओळींच्या या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली असून तीही १७३१ च्या आगीत कडांना होरपळली, हे ऐकताना वर्ग अगदी स्तब्ध झाला होता.

मध्ययुगीन इंग्रजी कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या कथासंग्रहातले यात्रेकरू लंडनजवळच्या साउथवर्कमधील टॅबर्ड खाणावळीतून कँटरबरीच्या तीर्थयात्रेला निघतात, तेव्हा सरांनी लोणंदला मुक्कामाला येणाऱ्या माउलींच्या पालखीची आठवण करून दिली. मात्र तिथे अभंग नाहीत, गोष्टींची स्पर्धा आहे आणि बक्षीस म्हणून जेवण आहे, हा फरकही त्यांनी नेमका सांगितला. प्रत्येकाने चार गोष्टी सांगायचे ठरले असताना प्रत्यक्षात २४ च कथा मिळतात, यावर झालेली चर्चा मला सर्वांत मोलाची वाटते.

‘सर गवेन’ या सरदाराच्या साहसावरचे मध्ययुगीन इंग्रजी काव्य मात्र एकाच तासात उरकले. छापील नोट्सही फिकट आहेत आणि मध्ययुगीन इंग्रजी उताऱ्यांत मुद्रणदोष राहिले आहेत, ते परीक्षेपूर्वी दुरुस्त व्हायला हवेत.