धडक कुठे चालते: एफआरसी की रोबोवॉर्स?

आयआयटी मुंबईच्या टेकफेस्ट या तंत्रज्ञान महोत्सवातलं रोबोवॉर्स, म्हणजे रोबोटांची झुंज, सरळ आहे: समोरचा रोबोट मोडा. पॉलिकार्बोनेटच्या भिंतीआड पातं फिरतं, ठिणग्या उडतात. खिलाडूपणाचा प्रश्न उरतो तो वजन, शस्त्राचं सुरक्षा-लॉक आणि पंचांचा इशारा पाळण्यापुरता.

शाळकरी मुलांच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) या रोबोट स्पर्धेत गोम वेगळी. साधारण अडीच मिनिटांच्या सामन्यात तीन विरुद्ध तीन रोबोट गुण मिळवतात. धडकायला मुभा आहे, म्हणून तर चहूबाजूंनी प्लायवूडवर फोम बसवून लाल किंवा निळ्या कापडाचे बंपर लावतात. बंपरला बंपर भिडला तर कुणी हरकत घेत नाही. पण मुद्दाम उलथवणं, दुसऱ्या रोबोटच्या चौकटीत आपल्या रोबोटचा हात घालून तोडफोड करणं, ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त वेळ कोंडून ठेवणं हे सगळं फाऊल, आणि त्याचे गुण प्रतिपक्षाला. पंचाची खरी कसोटी उलथण्याच्या वेळी लागते: रोबोट ढकलल्याने पडला की स्वतःच्याच उंच हातामुळे? (पालक मात्र प्रेक्षागृहातूनच निकाल देऊन मोकळे होतात.)

गुण मिळवणारी यंत्रणा कच्ची असेल, तर नुसता बचाव खेळणाऱ्या संघाला नावं ठेवणं मला पटत नाही. मजबूत चाकं आणि थंड डोक्याचा चालक लागतो. तोडफोडीचीच हौस असेल, तर सरळ रोबोवॉर्स गाठा.