निकॉन ५० एमएम एफ/१.८ डी : फिल्मची लेन्स, डिजिटलचा कॅमेरा

नागपूरच्या बर्डीवर जुनी लेन्स विचारली की काउंटरवरून हमखास ऐकू येतं, "हे फिल्मच्या टाइमचं हाय दादा, डिजिटलवर नाही चालत." सांगणाऱ्याला नवी लेन्स विकायची असते, हे ध्यानात ठेवा. महालातल्या माझ्या स्टुडिओत हीच लेन्स निकॉनच्या डी७५० या डिजिटल कॅमेऱ्यावर रोज चालते, पासपोर्ट फोटोपासून डोहाळजेवणापर्यंत.

सहा काचा, वजन १५५ ग्रॅम, अपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करायची, रिंग लेन्सवरच. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते तो जोड, तोच, निकॉनने १९५९ साली आणलेला. एफ/५.६ वर, म्हणजे छिद्र लहान केलं की, शालूची जर धाग्याधाग्याने मोजता येते. तिथे नवी काय आणि जुनी काय, गिऱ्हाइकाला फरक सांगता येणार नाही. एफ/१.८ वर, छिद्र पूर्ण उघडं असताना, मात्र चांदीच्या ताटाच्या कडेला जांभळी रेघ उमटते. हा दोष फिल्मवरही होताच, पण चार बाय सहाच्या प्रिंटवर तो कोणाला दिसणार? आता २४ मेगापिक्सेलचा फोटो स्क्रीनवर ताणून बघायची खोड लागली, त्याला लेन्स काय करणार!

खरा फरक कळतो रात्री, लग्नाच्या लॉनवर. फिल्मला त्यामानाने चकाकी कमी, सेन्सरवरची काच चकचकीत. सेन्सरवर पडलेला थोडा प्रकाश उलटा फिरून लेन्सच्या मागच्या काचेवर जातो आणि तिथून पुन्हा सेन्सरवर येतो. स्टेजवरचे एलईडी फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात वर असले, की उजवीकडे खाली, बरोबर समोरासमोर, तेवढेच फिकट हिरवे ठिपके. नेमके नवरदेवाच्या शेरवानीवर! मी दोन पावलं सरकतो आणि ते ठिपके काळ्या पडद्यावर नेऊन टाकतो. २०११ साली आलेल्या ५० एमएम एफ/१.८ जी वर हा त्रास मला बराच कमी जाणवला. रात्रीचीच कामं जास्त असतील तर सरळ तीच घ्या.

तिरप्या प्रकाशाचं म्हणाल, तर फिल्म तो निमूट घेते, सेन्सर कोपऱ्यात कुरकुर करतो. पण हे दुखणं मागची काच फिल्मला जवळजवळ टेकलेल्या, रेंजफाइंडरच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याच्या, वाइड लेन्सचं. एसएलआरमध्ये, म्हणजे डी७५० सारख्या कॅमेऱ्यात, मध्ये आरसा असतो, माउंट सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर लांब, त्यामुळे ५० एमएमला त्याचा उपद्रव नाही.

आणि दुकानदार ज्याला 'डिजिटल लेन्स' म्हणतो ती बहुतेकदा डीएक्स असते, म्हणजे लहान सेन्सरपुरतंच चित्र पाडणारी. फुल फ्रेमवर, म्हणजे डी७५० सारख्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, लावली की कॅमेरा फोटो कापून लहान करतो. त्यापेक्षा ही फिल्मवाली बरी, पूर्ण चौकट भरते.

एक मोठी अडचण आहे. हिच्यात फोकसची मोटर नाही. डी७२००, डी७५० मध्ये ती कॅमेऱ्यातच असते; डी३००० किंवा डी५००० मालिकेवर, आणि एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स बसवायचा जोड) लावून निकॉनच्या बिनआरशाच्या झेड कॅमेऱ्यावरही, फोकस हाताने करावा लागतो. असा कॅमेरा असेल तर लहान मुलांचे फोटो काढणाऱ्यांनी हिच्या नादी लागू नये.

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघा. जाळ्यासारखी बुरशी दिसली तर कितीही स्वस्त असो, परत द्या. आणि आपल्याकडे उन्हाळाभर कूलर धडधडत असतो, त्या ओल्या हवेत लेन्स उघडी ठेवू नका. झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दोन-तीन महिन्यांनी पुड्या बदला.