बर्गरच्या फ्रँचायझीपायी गेलेले पावणेबारा लाख

आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे उद्या सकाळी कोणी बँकेत आरटीजीएस करायला निघालं असेल तर थांबेल. मॅकडोनल्ड्स, डॉमिनोज, केएफसी, बर्गर किंग यांची एकेक दुकानाची फ्रँचायझी, म्हणजे त्यांच्या नावाने दुकान चालवायचा हक्क, आपल्याकडे सुटी विकली जात नाही. अख्ख्या देशाचे किंवा देशाच्या एका भागाचे हक्क एखाद्या मोठ्या कंपनीने घेतलेले असतात आणि रेस्टॉरंटं ती कंपनी स्वतः चालवते. डॉमिनोज म्हणजे ज्युबिलंट फूडवर्क्स. तीच कंपनी श्रीलंका, बांगलादेश आणि तुर्कस्तानातही डॉमिनोज चालवते. महाराष्ट्रातलं मॅकडोनल्ड्स वेस्टलाइफकडे. केएफसी आणि पिझ्झा हट देवयानी आणि सफायर या दोन कंपन्यांकडे. देवयानीची दुकानं नेपाळ, नायजेरिया, थायलंडपर्यंत, तर सफायरची श्रीलंकेत. बर्गर किंग भारतात आणि इंडोनेशियात रेस्टॉरंट ब्रँड्स एशियाकडे. या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत. कराडजवळच्या प्लॉटवाल्याकडून नोंदणी फी गोळा करून त्यांचं घर चालत नाही.

आम्हाला हे पैसे गेल्यावर कळलं.

महामार्गाच्या रुंदीकरणात आमच्या जमिनीची पुढची पट्टी गेली. मोबदला बँकेत पडून होता, उरलेली जागा रस्त्याला लागून. धाकट्या भावाने इंटरनेटवर एका परदेशी बर्गर साखळीचं नाव आणि ‘फ्रँचायझी’ एवढंच टाकलं. सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. ती जाहिरात होती, पण दिसायला कंपनीचंच संकेतस्थळ: तेच रंग, तोच लोगो, पत्त्यात मूळ नावाला जोडून एक जादा शब्द. फॉर्म भरला आणि चहा गार व्हायच्या आत फोन.

बोलणारा माणूस गोड होता, पण घाई करणारा नव्हता, आणि तीच त्याची खरी कला. “सर, अजून काही पाठवू नका, आधी साइट अप्रूव्ह होऊ दे,” असं म्हणायचा. सातबारा, जागेचे फोटो, आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट सगळं मागवून घेतलं. स्टेटमेंट पाहिल्यावर आमच्याकडे नेमके किती आहेत हे त्याला कळलं, पुढचे आकडे त्याच मापाने आले. मग लेटरहेडवर मंजुरीचं पत्र, अधिकाऱ्याचं ओळखपत्र, स्टॅम्प पेपरवरचा करारनामा. नोंदणीचे चाळीस हजार, मग ‘एनओसी’, मग लायसन्स फी, मग परत मिळणारं डिपॉझिट, मग मशिनरीचा पहिला हप्ता. प्रत्येक हप्त्याची पावती वेळेवर. भाऊ म्हणायचा, “दादा, फसवणारा माणूस जीएसटीचं बिल देईल का?”

बिल देतो. त्या बिलावर काय होतं ते सविस्तर सांगतो, कारण हे घरबसल्या तपासता येतं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. आमच्या बिलावर ऑफिसचा पत्ता मुंबईचा आणि नंबर ०७ ने सुरू, म्हणजे दिल्लीचा. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे धारकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर ‘सी’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. आमच्या बिलावर ‘पी’ होतं. हजारो कोटींची कंपनी म्हणून ज्याला पैसे दिले तो कोणीतरी एकटा माणूस होता, आणि ते बिलावरच छापलेलं होतं. हे पाहिलं ते आमच्या चुलतभावाच्या सीए मुलीने, दिवाळीला घरी आली तेव्हा, फराळाचं ताट बाजूला सरकवून.

बँकेत खात्याचं नाव जुळलं होतं, हे सांगून ठेवतो. आता आरटीजीएस-एनईएफटी करताना ज्याला पैसे जाणार त्याचं नाव आधी बघता येतं. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून सगळ्या बँकांना तशी सोय द्यायला लावली. सोय चांगलीच आहे. पण मूळ कंपनीसारखंच नाव लावून कोणी एकट्याच्या मालकीची फर्म काढली आणि करंट खातं उघडलं, तर पडद्यावर तेच गोंडस नाव दिसतं.

पैसे भरण्याआधी शहरातल्या त्या बर्गर साखळीच्या खऱ्या रेस्टॉरंटमध्येही भाऊ जाऊन आला होता. काउंटरवरच्या पोराने “हेड ऑफिसला मेल करा” म्हणून सांगितलं. मेल मंजुरीच्या पत्रावर छापलेल्याच पत्त्यावर गेला, म्हणजे पुन्हा त्याच भामट्याकडे. उत्तर अर्थातच झकास आलं.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. पोलीस ठाण्यात कोणाची ओळख आहे, आमदारांचा पीए काय म्हणतो, हे नंतर. फोन लागला की रक्कम पुढच्या ज्या खात्यात सरकली असेल तिथे अडवायचा प्रयत्न होतो. आमचे सुरुवातीचे हप्ते तोवर कुठल्या कुठे गेले होते. शेवटच्यातले दोन लाख दहा हजार एका खात्यात गोठले. ते सोडवायलाही न्यायालयाचा आदेश लागतो. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आणि आयटी कायद्याच्या ६६ डी खाली नोंदला गेला. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पावत्या, यूटीआर नंबर (प्रत्येक बँक व्यवहाराचा क्रमांक) हे सगळं छापून नेलं तेव्हाच हवालदारसाहेबांनी नीट ऐकलं. भावाने रागाच्या भरात चॅट उडवलं नव्हतं, हे आमचं नशीब.

सगळ्याच फ्रँचायझी खोट्या असं मात्र नाही. चहाच्या, वडापावच्या, आइस्क्रीमच्या आपल्याकडच्या कितीतरी साखळ्या खरोखर देतात. तिथे चालू दुकानदाराला भेटून त्याची रोजची विक्री विचारता येते. मोठ्या परदेशी साखळ्यांना जागा हवी असते, तीही भाड्याने. म्हणजे व्यवहार झालाच तर डिपॉझिट आणि भाडं ते आपल्याला देणार. उलट्या दिशेने एक रुपया मागितला की फोन ठेवा. जागा द्यायचीच असेल तर मूळ कंपनीचं अधिकृत नाव शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सापडतं, तिथून तिच्या पत्त्यावर लिहा. जाहिरातीतल्या दुव्यावर जाऊच नका.

आणि अजून एक. तक्रार केल्यानंतर काही आठवड्यांनी भावाला फोन आला, “सायबर सेलमधून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम वसूल झाली आहे, फक्त प्रोसेसिंगचे साडेअठरा हजार भरा.” आमचं नाव, रक्कम, तारखा सगळं त्याला तोंडपाठ होतं. तो नंबरही आम्ही त्याच तक्रारीत जोडून दिला आहे.