साहित्याच्या विद्यार्थ्याने कोणता इंग्रजी शब्दकोश घ्यावा?

मराठी माध्यमातून बारावी करून मुंबईच्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं, की शब्दकोशाचा प्रश्न लगेच येतो. दुकानदार पुढे करेल तो घेण्याआधी काउंटरवरच त्यात 'नाइस' हा शब्द काढून बघा. कोश कुणासाठी केलाय, ते त्या एका नोंदीत कळतं.

'नाइस' दिसतो तेवढा साधा नाही. लॅटिनमधल्या 'अजाण' अशा अर्थाच्या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. पुढे चोखंदळ, नाजूक, काटेकोर असे अर्थ त्याला चिकटत गेले. 'छान' हा अर्थ रुळला अठराव्या शतकात. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पाचव्या अंकात फ्रायर लॉरेन्स म्हणतो, रोमिओला धाडलेलं ते पत्र 'नाइस' नव्हतं. म्हणजे क्षुल्लक नव्हतं, महत्त्वाचं होतं. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' कादंबरीत हेन्री टिल्नी आपल्या बहिणीसमोर नायिका कॅथरिनची याच शब्दावरून थट्टा करतो: दिवस नाइस, फेरफटका नाइस, तुम्ही दोघीही नाइस! जुना अर्थ ठाऊक नसेल, तर त्या थट्टेतली निम्मी गंमत गेली.

इंग्रजी-मराठी कोशात तुम्हाला छान, चांगला, फार तर सूक्ष्म एवढं मिळेल. झाडं, पक्षी, भांडीकुंडी यांच्यासाठी तो उत्तम. तिथे इंग्रजी व्याख्या वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. पण कवितेच्या ओळीत मराठी प्रतिशब्द बसवून पुढे जायची सवय लागली की सुटत नाही. थॉमस कँडी यांनी पुरा केलेला १८४७ चा मुंबईत छापलेला इंग्रजी-मराठी कोश मात्र कुतूहल म्हणून जरूर चाळा.

ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश मुळात परक्या भाषकांसाठी आहे. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना तो रचला आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढला. सोप्या शब्दांत व्याख्या, शब्द वाक्यात कसा बसतो त्याची उदाहरणं, उच्चार. निबंध लिहायला याच्यासारखा सोबती नाही. 'नाइस'चा सूक्ष्म फरकाचा अर्थ तो देतो, पण शेक्सपियरचा 'क्षुल्लक' त्यात शोधू नका.

तो सापडेल ओईडीत, म्हणजे ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशात. १९८९ ची आवृत्ती वीस खंडांची, त्यामुळे विकत घ्यायचा प्रश्नच नाही. ऑनलाइन वर्गणी कॉलेज भरतं का, ते ग्रंथपालांना विचारा. यात अर्थ काळाच्या क्रमाने येतात, म्हणून आजचा अर्थ बराच खाली असू शकतो. नवखा वाचक पहिलाच अर्थ उचलतो आणि फसतो. अर्थाखाली दिलेल्या अवतरणांच्या तारखा बघायच्या आणि आपलं पुस्तक ज्या काळातलं, त्याच्या जवळचा अर्थ धरायचा.

माझं मत विचाराल तर पैसे लर्नर्स कोशावर घाला. शेक्सपियरसाठी वेगळा कोश नको, तळटिपा असलेली आवृत्ती घ्या. ओळीखालीच अर्थ मिळतो, लोकलमध्ये उभ्यानेही वाचता येतं. ऑस्टिन, डिकन्स वाचताना ओळखीचा शब्द विचित्र वागतोय असं वाटलं, तरच ओईडी उघडा. ती नसेल तर शब्दांच्या व्युत्पत्ती देणारी 'एटिमऑनलाइन' ही वेबसाइट फुकट आहे. तिच्यात अवतरणं फारशी नसतात, पण अर्थ कधी पालटला ते कळतं. फोर्टच्या फुटपाथवर जुना लर्नर्स कोश मिळाला तरी चालेल, फक्त मधली पानं शाबूत आहेत ना, ते बघून घ्या.