स्लॅब भरला त्या दिवशी कॅमेरे बंद होते

आधी एक सांगते, आम्ही वेंधळे नव्हतो. फसलेल्या माणसाकडे लोक तशाच नजरेनं बघतात म्हणून हे सुरुवातीलाच. घर बांधायला तीन कोटेशनं मागवली होती, करार लेखी होता, देखरेखीला इंजिनिअर नेमला होता आणि साइटवर कॅमेरेसुद्धा लावून घेतले होते. यातली एकेक गोष्ट आमच्यावरच कशी उलटली ते लिहिते आहे. ज्यांचं जुनं घर पाडायचं अजून बाकी आहे त्यांनी वाचावं.

वडिलांनी स्वतःच्या जागेवर बांधलेलं बैठं घर होतं. भिंतींना ओल, छत गळकं, दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा पाडून नवं बांधावं असं आईचंच म्हणणं पडलं. भाऊ नोकरीनिमित्त लांब, त्यामुळे साइट माझ्या गळ्यात आली.

ठेकेदारांची नावं इंजिनिअरनंच सुचवली. सगळ्यात स्वस्त कोटेशन आम्ही बाजूला ठेवलं, सगळ्यात महागही ठेवलं, मधलं घेतलं आणि आपण फार विचार करून निर्णय घेतला असं समाधान मानलं. वर्षभरानं वकिलांसाठी कागद लावताना ती तिन्ही कोटेशनं पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवली. गच्चीवरच्या टाकीच्या ओळीतली बेरीज तिन्हींत चुकलेली होती, तीही तेवढ्याच रकमेनं. 'गिलावा' तिन्हींत 'गिलवा' झाला होता. तीन माणसांच्या हातून एकच चूक, एकाच ओळीत? तिन्ही कागद एकाच संगणकावरून निघाले होते. इंजिनिअरला ठेकेदाराकडून टक्केवारी जात होती हे तर त्याहून नंतर कळलं. मजुरी थकल्यामुळे चिडलेल्या मुकादमानं ते सांगितलं. ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडूनच पैसे घेणारा माणूस मी स्वतः फी देऊन ठेवला होता.

करारात सामानाच्या यादीपुढे जागोजागी 'नामांकित कंपनीचे किंवा तत्सम' असं लिहिलं होतं. या 'तत्सम'कडे माझं लक्षच गेलं नाही. नळापासून वायरपर्यंत सगळं तत्सम आलं. भांडायला गेलं की ठेकेदार करारावर बोट ठेवायचा.

पण खरा घात हप्त्यांनी केला. सुरुवातीला तीस टक्के अ‍ॅडव्हान्स आणि मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम, असं आम्ही मान्य केलं होतं. नोकरदार माणसाला तारखेचा हिशेब सोपा वाटतो. काम मात्र तारखेनं चालत नाही. पाया उशिरा संपला, हप्ता वेळेवर गेला. मजूर दहा दिवस आले नाहीत, हप्ता वेळेवर गेला. ऐंशी टक्के पैसे त्याच्या खिशात गेले तेव्हा वरचा मजलाही बांधून झाला नव्हता, आणि तिथून 'वाढीव काम' सुरू झालं. पाया ठरल्यापेक्षा खोल गेला, राडारोडा जास्त निघाला, सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली लावतात त्या फळ्या-टेकूंचं भाडं वाढलं. सगळं तोंडी. नाही म्हणावं तर काम थांबणार, आणि दुसरा कुणी अर्धवट सांगाड्याला हात लावायला तयार नसतो. आता कुणी विचारलं तर मी म्हणते, जोतं झालं की इतके, स्लॅब भरून सेंट्रिंग उतरलं की इतके, गिलाव्याला इतके, असे टप्पे पाडा. शेवटचे पाच-दहा टक्के राहायला गेल्यानंतर काही महिने हातात ठेवा. आणि वाढीव काम सुरू होण्याआधी त्याची रक्कम लिहून सही घ्या. ठेकेदार कुरकुर करेल. कुरकुर आधीच ऐकलेली बरी.

सळईचं प्रकरण योगायोगानं उघडकीला आलं. इलेक्ट्रिशियन स्लॅबच्या कडेला पाइपसाठी छिन्नी मारत होता, तिथे सळई उघडी पडली. तो म्हणाला, "ताई, ही बारीक वाटते." नकाशात बारा मिलिमीटरची होती. उंचवटे असलेली सळई मापायला अवघड असते, म्हणून त्यानं मला एक युक्ती सांगितली: वजन करा. जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या आकड्याचा वर्ग करायचा आणि 162 नं भागायचं, की एक मीटर सळईचं वजन किलोत मिळतं. बाराची सळई मीटरला साधारण 890 ग्रॅम भरायला हवी, दहाची 617. गच्चीवर पडलेले उरलेले तुकडे मी घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. मीटरभर तुकडा 610 ग्रॅमच्या आसपास. दुसरा, तिसरा, तेच.

बारा आणि दहा, दोन मिलिमीटरचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. पण ताकद ठरते ती छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते 113 चौरस मिलिमीटरवरून 79 वर येतं. स्लॅबमधलं तीस टक्के लोखंड गायब. यावेळी स्वतःच्या शोधानं दुसरा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्यानं यंत्रानं सळया शोधल्या, दोन ठिकाणी काँक्रीट फोडून पाहिलं आणि मान हलवली. सळयांमधलं अंतरही नकाशापेक्षा वाढवलेलं होतं. दोन खोल्यांत खालून लोखंडी तुळया घालाव्या लागल्या. त्या आजही छताखाली दिसतात. आई त्यांना 'ठेकेदाराच्या काठ्या' म्हणते.

काँक्रीटचं काय, तर त्याचा रिपोर्ट होता. स्लॅब भरताना त्याच मालाचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे करून ठेवतात आणि 28 दिवसांनी ते दाबून फोडतात. कितीला फुटला त्यावरून ताकद कळते. आम्हाला शिक्का मारलेला छान कागद मिळाला होता, '28 दिवसांची चाचणी, समाधानकारक'. मी तो फाइलला लावून टाकला होता. नव्या इंजिनिअरनं पहिली गोष्ट काय केली असेल तर चाचणीच्या तारखेतून स्लॅबची तारीख वजा केली. एकोणीस दिवस. 28 दिवसांची चाचणी एकोणिसाव्या दिवशी. कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही, पण शिक्का दिसला की आपण तारीख बघत नाही.

आता कॅमेरे. ते ठेकेदारानंच सुचवले होते. "ताई, रोज कशाला धावपळ करता, फोनवर बघा ना." त्याच्याच माणसानं साइटवर दोन लावून दिले आणि मी सुखावले. ऑफिसात बसून मजूर विटा उचलताना बघायचे आणि देखरेख झाली असं समजायचे. साइटवरच्या माझ्या फेऱ्या आठवड्यातून चारवरून एकवर आल्या. चित्रात माणसं हलताना दिसतात, सळईची जाडी दिसत नाही. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन वर चढायला हवं होतं, सळया मोजून, टेपसकट फोटो काढायला हवे होते. एकदा काँक्रीट पडलं की मग छिन्नीच. नेमकं त्या दिवशी सकाळी फोनवर काळा पडदा. लाइट गेली, असं उत्तर आलं. शेजारच्या काकूंकडे त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती, हे नंतर कळलं.

घर झाल्यावर त्याच माणसानं आठ कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवली. इतकं होऊनही त्यालाच का? कारण सळईचं अजून कळलं नव्हतं, आणि त्याच्या वायरी गिलाव्याआधीच भिंतींतून गेल्या होत्या. खोक्यावर 'फोर-के', म्हणजे 3840 गुणिले 2160 ठिपके. प्रत्यक्षात आतला सेन्सर 1920 गुणिले 1080 चा, चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं. फाटकासमोरच्या गाडीचा नंबर वाचता येईना तेव्हा शंका आली. रेकॉर्डिंग महिनाभर राहील असं तोंडी सांगितलं होतं. हिशेब भावानं केला: एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला साधारण 43 जीबी होतात, आठांचे 345. डिस्क दोन टीबीची, म्हणजे दोन हजार जीबी. सहा दिवसही पुरत नाही. महिन्याला दहा टीबीच्या वर लागतील. शिवाय डिस्कची माहिती काढून पाहिली तर ती आधीच 31 हजार तास चाललेली निघाली, म्हणजे साडेतीन वर्षं. आमचं घर पाडायच्याही आधीपासून ती कुठेतरी फिरत होती. बिलात 'नवी'.

मागच्या बाजूचे दोन कॅमेरे फक्त रात्री बंद पडायचे. दिवसा ठणठणीत. शेवटी दुसऱ्या तंत्रज्ञानं वायरचं टोक ब्लेडनं खरवडलं, वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. रात्री अंधारात बघायला कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात, ते जास्त वीज ओढतात, लांबच्या वायरीत विजेचा दाब कमी होतो आणि कॅमेरा झोपतो. चोर येण्याच्या वेळी झोपणारा कॅमेरा. वायर भिंतीत जाण्याआधी टोक खरवडायला एक मिनिट लागलं असतं.

हे सगळं एक वेळ पैशांचं नुकसान म्हणून सोडलं असतं. पण सळईवरून भांडण झालं, मी शेवटचा हप्ता अडवला, आणि दुसऱ्या दिवशी फोनवरचं अ‍ॅप रिकामं झालं. सगळी यंत्रणा त्या माणसानं स्वतःच्या खात्यावर नोंदवली होती. आम्ही फक्त त्यानं बघायची परवानगी दिलेले पाहुणे होतो, ती त्यानं काढून घेतली. म्हणजे पाच महिने आमचा हॉल, जिना, आईच्या खोलीबाहेरचा व्हरांडा त्याला बसल्या जागी दिसत होता. आई त्या रात्री हॉलमधल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून झोपली. नोंदणी सोडवायला कंपनीनं खरेदीचं बिल मागितलं, आणि बिल होतं ठेकेदाराच्या नावावर. कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरचा पासवर्डही कारखान्यातून आलेला तसाच होता. 2016 साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमनं असे मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, राउटर आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते; आमचा कुणालाही मिळाला असता. बिल स्वतःच्या नावानं घ्या, पहिलं खातं स्वतःच्या फोनवर उघडा आणि बसवणारा जायच्या आत पासवर्ड बदला. मी ते उपकरण शेवटी भंगारात टाकलं.

वकिलांच्या नोटिशीला ठेकेदाराचं उत्तर आलं आहे. त्यात लिहिलंय की साइटवर कॅमेरे होते, मालकीणबाई सगळं काम चोवीस तास स्वतः पाहत होत्या आणि त्यांनी कधीही हरकत घेतली नाही. त्या दिवशी कॅमेरे बंद होते हे दाखवायला रेकॉर्डिंग नाही, ते कधीच पुसलं गेलं. माझ्या फोनमध्ये मात्र त्या सकाळचा संदेश अजून आहे. मी विचारलंय, "काहीच दिसत नाहीये?" आणि त्याचं उत्तर, "लाइट नाही ताई. तुम्ही येऊ नका, मी आहे ना इथे." वकील म्हणतात, सध्या आपल्याकडे सगळ्यात चांगला कागद हाच आहे.